उदयोन्मुख चित्रकारावर विश्वकोशात लेख कधी लिहावा? उल्लेखनीयतेविषयी (लेखास पात्र ठरण्याविषयी) मार्गदर्शन हवे

प्रश्न : पानझड (सदस्यनाव)

नमस्कार. विकिपीडियावर मी बहुतांशी दृश्यकलेशी संबंधित लेखांना संदर्भ जोडण्याचे आणि त्यांची भाषा नीट करण्याचे काम करते. नवा चरित्रलेख सुरू करण्याचा प्रसंग आजवर फारसा आलेला नाही. सध्या एका मुद्राचित्रकार (ठशावरून छापचित्रे काढणाऱ्या) स्त्रीवर लेख लिहावा की थांबावे, हा निर्णय मला करता येत नाही. त्या तरुण आहेत आणि त्यांची कारकीर्द आत्ता कुठे आकार घेत आहे. त्यांचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण उद्या निर्णय नकारार्थी झाला तर त्यांचे नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला सर्वप्रथम आपली ही चर्चा दिसावी, हे मला योग्य वाटत नाही.

माझ्याकडे जमलेली सामग्री सांगते. एका खासगी कलादालनात त्यांचे एक एकल प्रदर्शन झाले असून चार समूह प्रदर्शनांत त्यांचा सहभाग होता; त्यांपैकी एक सार्वजनिक संग्रहालयाने एका विषयाभोवती भरवलेले प्रदर्शन होते. एकल प्रदर्शनावर एका प्रतिष्ठित दैनिकात समीक्षकाच्या नावासह बऱ्यापैकी विस्तृत परीक्षण आले. एका नियतकालिकाने त्यांची मुलाखत छापली. त्यांची छापचित्रे दोन संग्रहालयांच्या संग्रहात असल्याचे त्यांच्या परिचयपत्रात नमूद आहे. एका प्रतिष्ठानाचा तरुण कलावंतांसाठीचा पुरस्कार त्यांना मिळाला आहे. याखेरीज ‘लक्ष ठेवावे असे दहा तरुण कलावंत’ या धर्तीच्या काही याद्यांमध्ये त्यांचे नाव आहे आणि समाजमाध्यमांवर त्यांचे अनुयायी पुष्कळ आहेत.

त्यांच्या कलादालनाशी माझा पत्रव्यवहार झाला आहे, हेही सुरुवातीलाच सांगते. माझे तेथे काही देणेघेणे नाही. परंतु लेखाचा विचार चालू असल्याचे कळताच त्यांनी परिचयपत्र, कात्रणे आणि छायाचित्रे यांचा एक संचच पाठवून दिला. एवढी सामग्री पुरेशी मानावी का, आणि नसेल तर नेमके कमी काय पडते?

उत्तर : तळटीप

आपण सामग्री मोकळेपणाने मांडली आहे, त्यामुळे तिचे वजन करणे सोपे जाईल. वजन करताना मी एकच कसोटी प्रथम लावतो. स्वतः कलावंताने सांगितलेले आणि ज्यांचा उदरनिर्वाह अथवा लौकिक त्या कलावंताच्या यशावर अवलंबून आहे अशांनी सांगितलेले सर्व काही बाजूला काढावे, आणि उरलेल्या मजकुरातून किमान तीन-चार परिच्छेदांचा, जन्म-शिक्षणाच्या यादीपलीकडे जाणारा लेख लिहिता येतो का, हे पाहावे. विकिपीडियाच्या सर्वसाधारण निकषात ‘सखोल दखल’, ‘विश्वासार्ह स्रोत’ आणि ‘विषयापासून स्वतंत्र’ असे जे तीन शब्दप्रयोग येतात, त्यांचा व्यवहारातील अर्थ हाच आहे.

या कसोटीवर आपल्या यादीतील बऱ्याच गोष्टी गळतात. मुलाखतीत कलावंत स्वतःविषयी बोलतो. मुलाखतकाराने प्रास्ताविकात स्वतःचे विश्लेषण केले असेल तर तेवढा भाग उपयोगी, बाकी सर्व आत्मकथन होय. ते तपशिलासाठी वापरता येईल, परंतु उल्लेखनीयता सिद्ध करण्यासाठी नाही. एकल प्रदर्शनाच्या पुस्तिकेत एखादा निबंध असेल तर तो कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी चित्रे विकणाऱ्या दालनाने मानधन देऊन लिहून घेतलेला असतो. ‘दहा कलावंत’ छापाच्या याद्यांत प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन वाक्ये येतात आणि ती बहुधा प्रसिद्धिपत्रकातूनच उचललेली असतात. अनुयायांच्या संख्येचा तर येथे विचारच होत नाही; ती संख्या लोकप्रियतेविषयी काही सांगत असेल, परंतु तिच्यातून लेखाचे एक वाक्यही लिहिता येत नाही.

पुरस्काराबाबत थोडे थांबून पाहावे लागेल. स्वतःच अर्ज करायचा, प्रवेशशुल्क भरायचे आणि मग ‘निवड’ झाल्याचे पत्र मिळवायचे, असे पुरस्कार कलाक्षेत्रात मुबलक आहेत, आणि भिंत भाड्याने देणारी कलादालनेही आहेत. पुरस्काराची दखल पुरस्कार देणाऱ्या संस्थेखेरीज इतर कोणी घेतली आहे का, परीक्षक कोण होते, पूर्वीच्या मानकऱ्यांचे पुढे काय झाले, हे तपासल्यावाचून त्याला वजन देऊ नये.

दैनिकातील परीक्षण मात्र भक्कम आहे. समीक्षकाचे नाव आहे, मजकूर विस्तृत आहे आणि तो प्रत्यक्ष कामाविषयी आहे. अडचण एवढीच की असे स्रोत एकाहून अधिक असावेत, अशी अपेक्षा असते.

उत्तर : काठावरचा वाचक

तळटीप यांचे म्हणणे नियमाला धरून आहे, तरी त्यांनी फक्त सर्वसाधारण निकषाचाच विचार केला, असे मला वाटते. इंग्रजी विकिपीडियावर कलावंतांसाठी वेगळे निकष आहेत आणि इतर भाषांतील समुदाय आपापले नियम स्वतः ठरवत असले तरी चर्चेत त्यांचा आधार वारंवार घेतला जातो. समकालीनांनी अथवा पुढच्या पिढीने ज्याच्या कामाचा व्यापक आधार घेतला; ज्याने एखादे महत्त्वाचे नवे तंत्र अथवा संकल्पना आणली; ज्याची निर्मिती अनेक स्वतंत्र परीक्षणांचा विषय झाली; अथवा ज्याचे काम महत्त्वाच्या प्रदर्शनाचा मोठा भाग होते किंवा अनेक नामवंत संग्रहालयांच्या कायम संग्रहात आहे, असा कलावंत लेखास पात्र असण्याची शक्यता मोठी, असे ते निकष सांगतात. आपल्या मुद्राचित्रकाराची चित्रे दोन संग्रहालयांत आहेत आणि एका सार्वजनिक संग्रहालयाच्या प्रदर्शनातही त्यांचा सहभाग होता. या बाजूने विचार करायला हवा.

दुसरी गोष्ट मला अधिक खुपते. वृत्तपत्रांतील कलासमीक्षेची जागा आक्रसत गेली आहे. एकेकाळी ज्या प्रदर्शनावर तीन-चार ठिकाणी लिहून आले असते, त्यावर आज एखादेच परीक्षण येते आणि तेही नशीब असेल तर. मुद्राचित्रणासारख्या, बाजारात तैलचित्राइतका भाव नसलेल्या माध्यमाची स्थिती याहून वाईट आहे. समीक्षकच उरले नाहीत तर ‘स्वतंत्र दखल’ आणायची कोठून? ज्यांची दखल घेण्याची समाजाला सवय नाही, त्यांना हा नियम दुसऱ्यांदा वगळतो. भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक असेल. त्यांच्यावरील मसुदा २०१८ च्या मे महिन्यात, संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून, इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. तोपर्यंत त्यांच्या नावाचा लेख तेथे नव्हता.

उत्तर : तळटीप

स्ट्रिकलंड यांच्या प्रकरणाचा दाखला नेहमी दिला जातो, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. त्या २०१३ मध्ये ऑप्टिकल सोसायटी या प्रकाशशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षा होत्या. त्यांच्या कामाविषयी स्वतंत्र स्रोत अस्तित्वात होते आणि शास्त्रज्ञांसाठीच्या निकषांत त्या नोबेलपूर्वीही सहज बसल्या असत्या. मसुद्यात ते स्रोत आणले गेले नव्हते आणि तपासणाऱ्याने समोर असलेल्या संदर्भांपुरतेच पाहिले. म्हणजे तेथे शोध कमी पडला होता. आपल्यासमोरचा प्रश्न निराळा आहे, कारण येथे पुरेसा शोध घेऊनही स्रोतच थोडे आहेत की काय, अशी शंका आहे.

समीक्षेची जागा आटली आहे, हे मान्य. त्यातून अन्याय होतो, हेही मान्य. परंतु तो अन्याय विश्वकोशाने दूर करायचा म्हटले तर कोणाचे काम मोलाचे आहे याचा निवाडा संपादकांनी स्वतः करावा लागेल, आणि तो अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. स्वीडिश चित्रकार हिल्मा आफ क्लिंट यांचा विचार करा. १९०६ पासून त्या अमूर्त चित्रे काढत होत्या. १९४४ मध्ये त्या वारल्या, आणि मृत्यूनंतर वीस वर्षे ही चित्रे दाखवू नयेत अशी त्यांचीच इच्छा होती. १९८६ मध्ये लॉस एंजेलिस येथील एका मोठ्या प्रदर्शनात ती जगासमोर आली आणि २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील त्यांच्या प्रदर्शनाला सहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. समजा १९५० साली एखाद्या कोशकाराला त्यांचे नाव कोणी सुचवले असते, तर त्याने काय लिहिले असते? चित्रांची गुणवत्ता तीच होती. तिच्याविषयी इतरांनी लिहिलेले काही उपलब्ध नव्हते. ‘उल्लेखनीय नाही’ याचा अर्थ ‘चांगली नाही’ असा कोणी घेऊ नये, आणि आपणही चर्चेत तसा सूर लागू देऊ नये, असे मला मनापासून वाटते. वगळण्याच्या चर्चांमध्ये हे पथ्य फार वेळा मोडले जाते.

आता संग्रहालयांविषयी. निकष ‘अनेक नामवंत संग्रहालये’ असा आहे आणि दोन म्हणजे अनेक का, यावर वाद घालणारे भेटतील; तो वाद सध्या राहू द्या. मुद्राचित्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एकाच ठशावरून क्रमांक घातलेल्या पंचवीस-पन्नास प्रती निघतात आणि त्यांची किंमत तुलनेने कमी असते, त्यामुळे कलावंताने किंवा दालनाने एखादी प्रत संग्रहालयाला भेट देणे तैलचित्राच्या मानाने सोपे जाते. संग्रहालयाने आपल्या समितीमार्फत निवड करून विकत घेतलेली प्रत आणि भेट म्हणून स्वीकारून खणात ठेवलेली प्रत, परिचयपत्रात या दोन्हींची नोंद एकाच वाक्याने होते. अर्थात चांगली संग्रहालये भेटवस्तूही पारखूनच घेतात, तेव्हा केवळ भेट आहे म्हणून तिचे मोल शून्य, असे मी म्हणणार नाही. पण संग्रहालयाच्या स्वतःच्या सूचीत ती नोंद आहे का, दाखल क्रमांक आणि मिळाल्याचा मार्ग काय लिहिला आहे, हे परिचयपत्रावर विसंबून न राहता पाहायला हवे. मोठ्या द्वैवार्षिकींच्या (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनांच्या) बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. व्हेनिस द्वैवार्षिकीत ‘सहभाग’ म्हटले तरी मुख्य प्रदर्शन, राष्ट्रीय दालन आणि त्याच काळात शहरात इतरत्र भरणारी असंख्य प्रदर्शने, यांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

उत्तर : शाईचा डाग

व्हॅन गॉगचे नाव एवढ्या उशिरापर्यंत कोणी घेतले नाही, याचे नवल वाटले. म्हणून ते मीच घेतो, कारण त्याचे उदाहरण सहसा अर्धवट दिले जाते. हयातीत त्याची दखलच कोणी घेतली नाही, असे म्हणतात. १८९० च्या जानेवारीत आल्बेर ऑरिए या समीक्षकाने ‘मर्क्यूर द फ्रान्स’ या नियतकालिकात त्याच्या चित्रांवर स्वतंत्र, विस्तृत लेख लिहिला होता आणि त्याच सुमारास ब्रसेल्स येथे ‘ले व्हँ’ या गटाच्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली होती. आजच्या निकषांनी पाहिले तर त्या वसंतात त्याची स्थिती साधारण आपल्या मुद्राचित्रकारासारखीच होती : एक उत्तम परीक्षण आणि एक चांगले समूह प्रदर्शन. जुलैत तो गेला. ज्यांच्या आधारे आज त्याच्यावर लेख लिहिता येतो ती बहुतेक साधने, १९१४ मध्ये भावजयीने प्रसिद्ध केलेल्या पत्रांसकट, नंतरची आहेत. १८९० सालच्या कोशकाराने वाट पाहिली असती तर त्यात व्हॅन गॉगचे काही नुकसान झाले नसते.

एक व्यावहारिक सूचना करतो. कलादालनाने पाठवलेल्या प्रसिद्धिपत्रकातील एखादे ठसठशीत वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. तेच वाक्य जितक्या ठिकाणी जसेच्या तसे सापडेल, तितके ‘स्रोत’ यादीतून खोडा. बातमीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ अथवा ‘या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही’ असे लिहिलेले असते, तेही पाहा.

पानझड

सर्वांचे आभार. सुचवल्याप्रमाणे तपासणी केली, तिचे फलित सांगते.

प्रसिद्धिपत्रकातील वाक्य शोधल्यावर याद्यांपैकी एक सोडून सर्व गळाल्या, आणि जी उरली तिच्यात एकच स्वतंत्र वाक्य आहे. पुरस्कार खरा आहे, प्रवेशशुल्क नाही आणि परीक्षकांत जाणकार मंडळी होती. परंतु त्याची दखल प्रतिष्ठानाच्या स्वतःच्या संकेतस्थळाबाहेर कोठेही आढळली नाही. दोन संग्रहालयांपैकी एकाच्या सूचीत तीन छापचित्रे दाखल क्रमांकासह सापडली आणि ती विकत घेतलेली आहेत. दुसरा संग्रह हा त्या जेथे शिकल्या त्या कलाविद्यालयाचा अभ्याससंग्रह निघाला. विद्यार्थ्यांच्या निवडक कामांच्या प्रती तेथे ठेवण्याची प्रथाच आहे.

अनपेक्षितपणे हाती लागलेली गोष्ट म्हणजे संग्रहालयाच्या त्या समूह प्रदर्शनावर एका कलाविषयक नियतकालिकात आलेला लेख. तो कलादालनाच्या कात्रणांत नव्हता, बहुधा त्यात थोडी टीका असल्यामुळे. त्यातील दोन परिच्छेद सर्वस्वी आपल्या मुद्राचित्रकाराच्या कामाविषयी आहेत : कोरलेल्या पाटाचा पोत त्या छापात कसा राखतात, आणि मोठ्या आकाराच्या छापांत रचना सैल का पडते. एवढ्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

म्हणजे एक पूर्ण परीक्षण, दोन परिच्छेद आणि एका संग्रहालयातील खरेदी. आता मसुदा करून तपासणीसाठी पाठवावा का?

उत्तर : काठावरचा वाचक

टीका आहे म्हणून तो लेख अधिक मोलाचा आहे. लेखकाचा कलावंताशी लागाबांधा नाही, याची एवढी चांगली खूण दुसरी मिळणार नाही. दोन परिच्छेद म्हणजे ‘सखोल’ का, असे विचारले जाईल; माझ्या मते होय, कारण सखोलता शब्दांच्या संख्येवर ठरत नाही आणि संपूर्ण लेखाचा विषय तीच व्यक्ती असावी अशीही अट नाही. आधी वाटले होते त्याहून आपली बाजू बळकट झाली आहे. मी असतो तर मसुदा लिहिला असता.

उत्तर : तळटीप

त्या दोन परिच्छेदांविषयी मी सहमत आहे. तरीही आज मी लेख मुख्य नामविश्वात (वाचकांसाठीच्या प्रकाशित लेखांत) टाकणार नाही. तो वगळण्यासाठी चर्चेला आला, तर ती निदान सात दिवस चालेल, मतांच्या संख्येपेक्षा मुद्द्यांवर निर्णय होईल आणि निकाल कोणत्याही बाजूने लागू शकेल, इतके हे प्रकरण काठावर आहे. वगळला गेला तर पुढे भक्कम सामग्री घेऊन येणाऱ्याच्या वाटेत ‘यापूर्वी वगळलेला लेख’ ही नोंद उभी राहते आणि पुन्हा सुरुवात करणे जड जाते. एकाच एकल प्रदर्शनाच्या काळातली ही सर्व दखल आहे. दुसऱ्या प्रदर्शनाविषयी कोणी स्वतंत्रपणे लिहिले, अथवा आणखी एखाद्या संग्रहालयाने खरेदी केली, तर माझे मत त्याच दिवशी बदलेल.

दरम्यान हातातली सामग्री वाया घालवू नये. ज्या संग्रहालयाने प्रदर्शन भरवले त्याच्यावर लेख असेल, तर त्यातील प्रदर्शनांच्या भागात नियतकालिकाचा संदर्भ देऊन यांच्या सहभागाविषयी एक-दोन वाक्ये घालता येतील. मुद्राचित्रणावरील लेखातही तंत्राच्या अंगाने तो संदर्भ उपयोगी पडेल, मात्र तेथे त्यांचे नाव ओढूनताणून आणू नये. विकिडेटावर (विकिपीडियाशी जोडलेल्या माहितीसंचावर) नोंद करण्याचा उंबरठा बराच खाली आहे. व्यक्ती निःसंदिग्धपणे ओळखता यावी आणि गंभीर सार्वजनिक स्रोतांत तिचे वर्णन असावे, एवढे तेथे पुरते, आणि संग्रहालयाच्या सूचीतील नोंद त्यासाठी पुरेशी ठरावी. लेखाचा कच्चा मजकूर आपल्या धूळपाटीवर (सरावाच्या वैयक्तिक पानावर) ठेवा, पण व्यक्ती हयात असल्यामुळे तेथेही संदर्भाविना एकही विधान राहू देऊ नका. इंग्रजी विकिपीडियावर मसुदा तपासणीच्या रांगेत टाकून सोडून दिला आणि सहा महिने त्यात कोणी बदल केला नाही, तर तो काढून टाकला जाऊ शकतो. म्हणून लेखाची तयारी होईपर्यंत तो मार्ग धरू नये.

कलादालनाला मात्र लवकर उत्तर द्यायला हवे. लेख तूर्त होणार नाही, आणि झाला तरी त्याचा मजकूर त्यांच्या अथवा चित्रकाराच्या संमतीवर अवलंबून राहणार नाही, टीकेचा तो लेखही त्यात येईल, हे आत्ताच स्पष्ट सांगितलेले बरे. त्यांनी स्वतः अथवा पैसे देऊन कोणाकडून लेख लिहवून घेण्याचा विचार केला, तर विकिपीडियाच्या वापरअटींनुसार २०१४ पासून मोबदला उघड करणे बंधनकारक आहे, हेही त्यांच्या कानावर घाला. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर मोबदला लपवून लेख लिहिणाऱ्या जाळ्यातील ३८१ खाती एकदम रोखण्यात आली होती आणि त्यांनी तयार केलेले दोनशेहून अधिक लेख काढले गेले होते.

त्यांनी पाठवलेली छायाचित्रे कॉमन्सवर (विकिपीडियाच्या सामाईक चित्रसंग्रहावर) चढवू नका. छापचित्राचा प्रताधिकार चित्रकाराकडे असतो आणि छायाचित्राचा बहुधा छायाचित्रकाराकडे. ‘वापरायला आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीच्या परवानगीने तेथे भागत नाही. पुनर्वापर, बदल आणि व्यावसायिक वापर या तिन्हींना मोकळीक देणारा परवाना दोघांनीही लेखी द्यावा लागतो, आणि तो एकदा दिला की मागे घेता येत नाही, हे चित्रकाराला आधी नीट समजावून सांगावे.